खाण्यापिण्यावरच्या वैद्यकीय चाचण्या : सही करण्याआधी काय विचारावे?

मुलांच्या दप्तरातून कधी कधी एक छापील कागद घरी जातो. ‘आपल्या पाल्याच्या आहारविषयक सवयींच्या अभ्यासात सहभागासाठी संमती’ असे काहीतरी वर लिहिलेले असते आणि खाली पालकाच्या सहीसाठी रेघ. असाच कागद दवाखान्यात गरोदर बाईपुढे येतो, मधुमेहाच्या ओपीडीत आजोबांपुढे येतो. मग आम्हा शिक्षकांना विचारणा होते, “मॅडम, सही करू का?” काही घरांत न वाचता सही होते, कारण कागद शाळेतून किंवा डॉक्टरांकडून आलेला असतो. काही घरांत न वाचता नकार जातो, कारण “आपल्या लोकांवर प्रयोग करतात” असे कुणीतरी सांगितलेले असते. दोन्हीकडे वाचायचे राहूनच जाते. म्हणून हा लेख.

आधी एक फरक नीट समजून घेऊ. सगळेच अभ्यास ‘चाचणी’ नसतात. आपल्या जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या पोषणावर काम केले आहे. मुली काय खातात, त्यांचे वजन-उंची किती, रक्त कसे आहे, हे वेळोवेळी पाहायचे आणि नोंदवायचे, असे ते काम. याला निरीक्षण म्हणतात. त्यात आपल्या ताटात कुणी काही बदलत नाही. क्लिनिकल ट्रायलमध्ये मात्र बदल केला जातो. एका गटाला एक आहार, गोळी किंवा सल्ला आणि दुसऱ्या गटाला वेगळा. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. मराठी फॉर्मवर यालाच ‘यादृच्छिक’ असा दात अडकणारा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच.

चिठ्ठी कशाला? समजा, पालेभाजी खाणाऱ्या आयांची बाळे वजनदार जन्मतात असे दिसले. पण पालेभाजी, फळे घेणाऱ्या घरात पैसाही थोडा जास्त असेल, बाईला विश्रांतीही मिळत असेल. मग बाळाचे वजन भाजीमुळे वाढले की विश्रांतीमुळे? नुसते पाहून हे कळत नाही.

पुणे ते मुंबई : एका समोशाएवढ्या खाऊची गोष्ट

हे उदाहरण आम्ही मनाने रचलेले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होते. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. नुसत्या जास्त कॅलरीशी किंवा प्रथिनांशी तसा ठळक संबंध दिसला नाही. पण हे सगळे निरीक्षणच होते.

म्हणून मुंबईत चाचणी झाली. सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्पटन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने 2006 मध्ये मुंबईच्या झोपडपट्टी वस्त्यांत ती सुरू केली. ‘सरस’ या नावाने ती ओळखली जाते. 6,513 विवाहित स्त्रियांचे चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा, कांदा अशा भाज्यांचा. गरोदर राहण्याआधीपासून सुरुवात करायची आणि बाळंतपणापर्यंत चालू ठेवायचे. खाऊ घरी न्यायचा नाही. केंद्रावर येऊन तिथेच खायचा आणि कुणी किती खाल्ला त्याची नोंद व्हायची.

घरी का नेऊ द्यायचा नाही, हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावे लागणार नाही. घरी नेला की तो मुलांच्या पोटात जातो. आईच्या ताटात काय येते आणि तिच्या तोंडात काय जाते, यात फरक असतो, आणि खाण्याच्या वर्तनाच्या अभ्यासात हाच फरक शोधायचा असतो.

निकाल काय आला? सगळ्या स्त्रिया धरल्या तर बाळांच्या जन्मवजनात खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला, त्यांच्या बाळांत सरासरी 48 ग्रॅमचा फरक दिसला. तोही अगदी बारीक अंगाच्या आयांमध्ये नाही. पण दुसरीकडे एक गोष्ट निघाली. ज्या स्त्रियांची गरोदरपणात साखर तपासली, त्यांत साध्या खाऊच्या गटात 12.4 टक्के जणींना गरोदरपणातला मधुमेह होता, पालेभाजीच्या गटात 7.3 टक्के. आमच्या मते ही चाचणी शाळेत शिकवण्यासारखी आहे. ज्याची अपेक्षा होती ते पूर्ण मिळाले नाही, हे संशोधकांनी लपवले नाही, आणि जे मिळाले ते त्या हजारो बायका रोज केंद्रावर येत राहिल्या म्हणून मिळाले.

आता त्यातली एखादी बाई आपली नातेवाईक आहे असे समजा आणि ती बटाट्याच्या खाऊच्या गटात होती. तिची फसवणूक झाली का? नाही, पण एका अटीवर. आपण कुठल्याही गटात जाऊ शकतो, हे तिला सही करण्याआधी स्वच्छ सांगितलेले असले पाहिजे. चाचणी म्हणजे उपचार नव्हे, ही गोष्ट लोकांच्या सर्वांत उशिरा ध्यानात येते. “डॉक्टरांनी मला नवीन औषधात घेतलंय” असे म्हणणाऱ्याला खरे तर औषध मिळत असेल किंवा नसेलही.

‘काल काय खाल्लंत?’

खाण्याच्या अभ्यासात सुईपेक्षा प्रश्नच जास्त असतात. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय तोंडात घातले, हे विचारणारी पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते. बाई वाटी, डाव, पेला घेऊन बसते आणि ‘एवढी की एवढी?’ असे विचारते. कोकणातल्या बायकांची उत्तरे आम्हाला पाठ आहेत. “भात आणि कालवण.” बस. सकाळचे घावणे, चहाबरोबरचे दोन बटर, मुलाच्या ताटात उरलेला तुकडा, दुपारी शेजारून आलेले सांदण, हे ‘खाणं’ म्हणून मोजलेच जात नाही. वजन जास्त असलेली माणसे कमी सांगतात, हेही जगभर दिसून आले आहे. यात कुणी मुद्दाम खोटे बोलत नाही. पण अभ्यासात भाग घ्यायचाच ठरवला, तर उत्तर जसे आहे तसे द्यावे. चांगले दिसणारे उत्तर दिले तर उद्या आपल्याच घरांसाठी दिला जाणारा सल्ला चुकतो.

काही चाचण्यांत माणसांना काही आठवडे संस्थेतच ठेवून जेवायला घालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी अशी एक चाचणी केली, ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 20 माणसे, 28 दिवस. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, पाकिटातले पदार्थ, दोन आठवडे साधे घरगुती पद्धतीचे जेवण. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खा असे सांगितले होते. पाकिटातल्या पदार्थांच्या दिवसांत तीच माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलो वाढले. मधल्या सुटीत कुरकुऱ्यांची पाकिटे गोळा करणाऱ्या आम्हा शिक्षकांना यात फारसे नवल वाटले नाही, पण वाटणे आणि सिद्ध होणे यात अंतर असते.

अशा अभ्यासांत कधी कधी खरा हेतू आधी पूर्ण सांगत नाहीत. ‘तुम्ही किती खाता ते मोजतोय’ असे सांगितले की माणूस कमी खातो, म्हणून. नैतिक समितीने परवानगी दिली असेल तरच हे चालते आणि नंतर खरे काय ते सांगावे लागते.

रोजे आणि चाचण्या

आपल्या घरांशी सर्वांत जवळचा विषय रमजानचा. 2001 मध्ये 13 देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली, तिला ‘एपिडायर’ म्हणतात. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोकांनी किमान 15 दिवस रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेसात पट झाले. डॉक्टर ‘रोजा नको’ म्हणोत की न म्हणोत, लोक रोजा ठेवतातच, हे त्यातून दिसले. मग औषध कुठले दिले तर धोका कमी, हा प्रश्न आला, आणि तो चाचणीशिवाय सुटणारा नव्हता.

भारत आणि मलेशियात अशी एक चाचणी झाली. रोजे ठेवू इच्छिणाऱ्या सुमारे 870 मधुमेही रुग्णांचे दोन गट झाले. काहींची जुनी सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू राहिली, काहींना सिटाग्लिप्टिन दिली गेली. महिनाभर त्यांनी रोज डायरी लिहिली. साखर कमी झाल्याची लक्षणे जुन्या गोळीच्या गटात 7.3 टक्के लोकांना आली, नव्या गोळीच्या गटात 3.8 टक्के. सिटाग्लिप्टिन बनवणाऱ्या कंपनीनेच या चाचणीचा खर्च केला होता, हेही सांगितले पाहिजे. म्हणून निकाल खोटा ठरत नाही, पण ‘पैसा कुणाचा?’ हा प्रश्न विचारणे रास्त ठरते. (हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बदलू नये. रमजानच्या आधी, शाबानमध्येच, डॉक्टरांकडे जावे.)

त्या लोकांनी भाग घेतला नसता तर आपल्या रोजाबद्दलचे उत्तर कुणी दिले असते? सहरी, इफ्तार, तरावीहनंतरचे खाणे, झोपेच्या बदललेल्या वेळा, हे सगळे न जगणाऱ्या लोकांवरच्या चाचण्यांतून आपल्याला उपयोगी पडेल असा सल्ला निघत नाही. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो कुणी हिरावू नये. पण ‘आपण मुसलमान, आपण यात नको’ हे कारण आम्हाला पटत नाही.

काही शंका मात्र खऱ्या असतात आणि त्या विचाराव्यात. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का, आणि ते कशापासून बनलेले? सरबतात, चवीच्या अर्कात अल्कोहोल आहे का? मांस असेल तर ते हलाल आहे का? गोळी खरी की नुसती दिसायला, हे चाचणीत लपवलेले असू शकते, पण तिच्यात काय असू शकते ते लपवायला कारण नाही. रक्त घेण्याची तारीख रमजानात येते का? आठ-दहा तास उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचे असते, ते रमजानआधी किंवा नंतर ठेवता येईल का? रोजाच्या हालतीत रक्त देण्याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांचा मश्वरा घ्यावा आणि तपासणी बायकांनी करावी असे वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगावे. असे प्रश्न विचारले म्हणून चांगला संशोधक चिडत नाही. चिडला, तर तेवढ्यावरूनच बरेच काही कळते.

सही कुणाची?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि 19 मार्च 2019 चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, यांवर आज हे सगळे चालते. त्यानुसार सज्ञान स्त्रीची संमती तिची स्वतःची. आपल्याकडे घरचे पुरुष कुवेत, सौदी, दुबईला असतात. रात्री फोनवर विचारणे, सल्ला घेणे यात काही वाईट नाही. पण नवऱ्याचा, सासूचा, जमातीच्या सदरांचा होकार म्हणजे तिची संमती नव्हे, आणि त्यांच्या दबावाखाली केलेली सहीही संमती नव्हे. वाचता येत नसेल तर पूर्ण माहिती वाचून दाखवली पाहिजे, तीही संशोधकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर, आणि मग अंगठा. फॉर्म समजेल अशा भाषेत असला पाहिजे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया उर्दू शाळेत शिकलेल्या, वडील मराठीत. आईला उर्दूत वाचायचे असेल तर उर्दू फॉर्म मागायला संकोच कसला?

मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची संमती लागतेच, शिवाय मुलाचीही रजामंदी लागते. सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. म्हणजे आठवीतली मुलगी ‘मला नको’ म्हणाली तर तिचे ऐकायचे.

शाळेने पालकांच्या वतीने सही करायची नसते. हे आम्ही आमच्याच व्यवसायातल्या लोकांना उद्देशून लिहितो आहोत. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि वैद्यकीय संशोधन परिषद त्यात होत्या. सात मुली दगावल्या आणि 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध नसावा असेच चौकशीत दिसले, आणि ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते, तिला घाबरू नये. पण कागद तपासले तेव्हा आंध्रातल्या कित्येक संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची सही निघाली. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. नुकसान विश्वासाचे झाले, आणि ते अजून भरून आलेले नाही.

शाळेतल्या आहार-अभ्यासात आणखी एक गोष्ट पालकांनी विचारावी. वजन कुठे करणार? वर्गात सगळ्यांसमोर वजन मोठ्याने वाचले गेले की काही मुली डबा खायचेच सोडतात. आडोशाला, एकेकीचे वजन करा, आकडा मोठ्याने बोलू नका, एवढे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही. चोरून खाणे, खाऊन मुद्दाम उलटी करणे असे प्रश्न फॉर्ममध्ये असतील, तर त्यातून एखाद्या मुलीचा त्रास उघड झाला तर पुढे मदत कोण करणार, हेही विचारावे.

बाकी कागदावर काय पाहायचे? नैतिक समितीची मंजुरी. या समितीत किमान सात जण असतात. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक हवाच, आणि निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. समाजशास्त्रज्ञाच्या जागी धर्मशास्त्राचा जाणकारही बसू शकतो, हे फार कुणाला माहीत नसते. दुसरे, चाचणीचा नोंदणी क्रमांक. 2007 पासून भारतात चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, तिला सीटीआरआय म्हणतात. क्रमांकाची सुरुवातही याच अक्षरांनी होते. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला क्रमांक द्या, तो दोन मिनिटांत सांगेल की चाचणी कुणाची, कुठे आणि पैसा कुणाचा.

पैशांचे म्हणाल, तर प्रवासखर्च, बुडालेली मजुरी मिळू शकते. पण भलीमोठी रक्कम पुढे करत असतील तर सावध व्हावे, मोबदला माणसाला भुलवण्याइतका असू नये असाच नियम आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईचीही तरतूद आहे. मधेच सोडायचे असेल तर कारण न देता सोडता येते, आणि त्यामुळे त्या दवाखान्यातले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. आता रत्नागिरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे राजीवड्यातल्या किंवा मिरकरवाड्यातल्या घरातही असे कागद येतील.

सही केलेल्या फॉर्मची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. तिच्यावर दोन फोन नंबर असतात, एक मुख्य संशोधकाचा आणि दुसरा नैतिक समितीचा. काही बिनसले आणि पहिला नंबर कुणी उचलत नसेल, तर दुसरा लावावा.